जुनी दप्तरे, नवा लेखनिक!

संगणकाच्या जगात कोबॉल नावाची एक भाषा आहे. 1959 साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने भरलेल्या एका बैठकीतून तिचा उगम झाला आणि नौदलातील विदुषी ग्रेस हॉपर यांनी त्याआधी घडविलेल्या भाषेचे संस्कार तिच्यावर झाले. कचेरीतील हिशेबनिसालाही वाचून उमगावी अशी, साध्या इंग्रजी वाक्यांच्या वळणाची भाषा निर्माण करावी, हा तिच्या कर्त्यांचा हेतू होता. त्या गोष्टीला आता पासष्टांहून अधिक वर्षे लोटली. माणूस या वयात पेन्शन घेतो. कोबॉल मात्र अजून इतरांची पेन्शन वाटीत बसली आहे! जगातील कित्येक बँकांची खतावणी, विमा कंपन्यांचे दावे आणि सरकारांचे हिशेब आजही या भाषेत किंवा तिच्या समकालीन भाषांत लिहिलेल्या आज्ञावल्यांवर चालतात. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांतील बहुतेक निवृत्त झाले, काही दिवंगत झाले. त्यांचे लिखाण मात्र रात्रीमागून रात्र, कोणाच्या लक्षातही न येता, कोट्यवधी लोकांच्या पैशाचा हिशेब करीत आहे.

या जुन्या दप्तरांचे नव्या भाषेत रूपांतर करण्यासाठी आता एक नवा लेखनिक दारात येऊन उभा राहिला आहे. त्याचे नाव कृत्रिम बुद्धिमत्ता. 2023 च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने कोबॉलमधील आज्ञावली जावा या भाषेत उतरविण्यास साह्य करणारे आपले साधन जाहीर केले. पुढील वर्षी ॲमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी सांगितले की, त्यांच्या कंपनीतील जावाच्या जुन्या आवृत्तीवरील आज्ञावल्या नव्या आवृत्तीवर नेण्याच्या कामी अशा साधनाने 4,500 अभियंता-वर्षांचे श्रम वाचविले. एका आज्ञावलीस जेथे सरासरी 50 दिवस लागत, तेथे ते काम काही तासांवर आले. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडील अशाच एका स्थलांतराचा वृत्तांत प्रसिद्ध केला आहे. त्यातील सुमारे तीनचतुर्थांश बदल यंत्राने लिहिले आणि एकंदर वेळ निम्म्यावर आला, असा त्यांचा अंदाज आहे. हे आकडे ज्यांचे साधन त्यांनीच दिलेले आहेत आणि विक्रेता आपल्या मालाची निंदा करीत नसतो, ही गोष्ट आम्ही विसरत नाही. तथापि, जे काम करावयास पूर्वी माणसांची पलटण आणि वर्षांची मुदत लागे, ते आता थोड्या माणसांच्या आवाक्यात येऊ पाहत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आम्ही या लेखनिकाचे स्वागत करतो. कारण जुने आहे तसेच चालू द्यावे, हा मार्गच आता उरलेला नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या साथीने अमेरिकेतील लाखो लोक एकदम बेकार झाले तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या बेकारी भत्त्याची यंत्रणा अर्जांच्या लोंढ्याखाली दबून गेली. ती यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी होती. अखेर तेथील गव्हर्नर फिल मर्फी यांच्यावर, कोबॉल जाणणाऱ्या माणसांनी स्वयंसेवक म्हणून पुढे यावे, असे जाहीर आवाहन करण्याचा प्रसंग आला. जगातील सर्वांत धनाढ्य देशातील एका राज्याच्या प्रमुखाने भुकेल्या माणसाच्या हाती पैसे पोहोचविण्यासाठी निवृत्त प्रोग्रामरांना हाक घालावी, याहून मोठा इशारा कोणता असू शकेल?

घरचे उदाहरण हवे असेल तर आपल्या रेल्वेचे घ्या. 2025 साली रेल्वे मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे प्रवासी आरक्षणाची यंत्रणा 2010 साली बसविलेली असून ती आयटॅनियम जातीच्या सर्व्हरवर आणि ओपन व्हीएमएस या प्रणालीवर चालत होती. ज्या आयटॅनियमवर ही इमारत उभी, तो प्रोसेसर ग्राहकांना पाठविणे इंटेल कंपनीने 2021 सालीच बंद केले. यंत्राचा सुटा भाग मिळेनासा होतो आणि यंत्र जाणणारा माणूसही मिळेनासा होतो. या दोन गोष्टी एकदम घडू लागल्या म्हणजे ‘चालले आहे ते ठीक आहे’ असे म्हणणारा अधिकारी सावध नव्हे, बेसावध ठरतो. बदल करावयाचा हे ठरलेले आहे. प्रश्न आहे तो कसा आणि कोणाच्या जबाबदारीवर करावयाचा, एवढाच. आणि नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर वेगाच्या आनंदात हरवून जाण्याचे भय आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न समजावून सांगण्यासाठी परदेशी दाखल्यांची गरज पडू नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपला राज्यकारभार, सावकारी आणि जमिनीचे व्यवहार मोडी लिपीत चालत होते. हात न उचलता लिहिलेली, शब्द न तोडलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळणारी ही लिपी भराभर लिहिणाऱ्याच्या सोयीची होती. पुढे वाचणाऱ्याच्या सोयीचा विचार तिने फारसा केला नाही. पुढे ती शिकविणे बंद झाले आणि दोन पिढ्यांत अशी अवस्था आली की, स्वतःच्या आजोबांच्या जमिनीचा कागद वाचून घेण्यासाठी नातवाला जाणकाराच्या शोधात हिंडावे लागले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसलेल्या कोणाही संशोधकास विचारा. तो सांगेल की, मोडी अक्षरे बाळबोधीत उतरविणे हे कामाचे पहिले पाऊल आहे. हा करार कोणत्या प्रसंगी झाला, या आकड्याच्या मागची रीत कोणती, हा शब्द त्या काळी कोणत्या अर्थाने वापरीत, हे जो जाणतो तोच त्या कागदाचा खरा वाचक. अक्षरे लावता येणे ही एक विद्या आणि कागद लावता येणे ही दुसरी!

संगणकाच्या जुन्या आज्ञावल्या या आपल्या काळातील मोडी कागद आहेत. घाईने लिहिलेल्या, टिपणे नसलेल्या, शेकडो हातांनी दुरुस्त केलेल्या. नवा लेखनिक त्यांची अक्षरे विलक्षण वेगाने लावतो. कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे त्याचा नकाशा काढतो, तीस वर्षे कोणी न उघडलेल्या पानाचा सारांश साध्या भाषेत सांगतो. ही सेवा अमूल्य आहे. पण अमुक नियम अमुक ठिकाणी का घातला, हे जर आज्ञावलीत लिहिलेलेच नसेल, तर यंत्र ते कोठून सांगणार? ते तर्क करील. आणि त्याचा तर्क त्याच्या खात्रीच्या विधानाइतक्याच ठाम भाषेत लिहिलेला असेल. धोका आहे तो येथे.

एक लहानसे उदाहरण देतो. कोबॉलमध्ये पैशाचा हिशेब दशमान पद्धतीने, ठरलेल्या दशांश स्थळांपर्यंत करतात आणि जवळच्या अंकापर्यंत पूर्ण करावे असे स्पष्ट सांगितले नसेल तर उरलेले अंक सरळ छाटले जातात. व्याज 10.666 रुपये आले तर खात्यावर 10.66 पडतात. नव्या भाषेत तोच हिशेब लिहिताना यंत्राने किंवा माणसाने, अधिक शहाणपणाचे वाटले म्हणून, अंक पूर्ण करण्याची रीत वापरली, तर 10.67 पडतील. फरक एका पैशाचा. परंतु एक कोटी खात्यांवर एक एक पैसा म्हणजे एका वेळच्या नोंदीत एक लाख रुपये! आता यांतील बरोबर काय? कदाचित जुनी रीत हा एका कारकुनाचा आळस असेल. कदाचित ती ठेवीदारांशी झालेल्या कराराची अट असेल. तसेच क्रमवारीचे. जुन्या मोठ्या संगणकांच्या अक्षरसंकेतात रोमन अक्षरे आधी आणि आकडे नंतर येतात, नव्या संगणकांत आकडे आधी येतात. ज्या यादीचा क्रम लाभाचा क्रम ठरवितो, ती यादी भाषांतरात गुपचूप फिरू शकते. आज्ञावली चालते, पडद्यावर चूक दिसत नाही, आणि अन्याय मात्र होत राहतो.

जुन्या नोंदींचा अर्थ न कळता त्या वाचल्या म्हणजे काय होते, याचे प्रात्यक्षिक 2025 साली साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेतील सरकारी खर्चकपातीच्या मोहिमेचे सूत्रधार इलॉन मस्क यांनी सामाजिक सुरक्षा खात्याच्या नोंदींत दीडशे वर्षे वयाची माणसे असल्याचे जाहीर केले आणि मृतांच्या नावे पेन्शन लाटली जात असल्याचा गवगवा झाला. वास्तविक त्या खात्याच्या महानिरीक्षकांनी 2023 सालीच हा प्रकार तपासला होता. 1920 वा त्यापूर्वी जन्मलेल्या सुमारे 1 कोटी 89 लाख लोकांच्या नोंदींत मृत्यूची तारीख नव्हती हे खरे. परंतु त्यांतील जवळजवळ कोणासही पैसे दिले जात नव्हते. तारीख नसणे म्हणजे माणूस जिवंत असणे नव्हे, एवढी गोष्ट त्या दप्तराचा साधा कारकूनही सांगू शकला असता. त्याला विचारावे असे मात्र कोणाला वाटले नाही.

दुसरा धडा इंग्लंडमधील टीएसबी बँकेचा. 2018 च्या एप्रिल महिन्यात एका शनिवार-रविवारी या बँकेने आपल्या 52 लाख ग्राहकांची खाती जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर हलविली. नियामकांनी पुढे नमूद केल्याप्रमाणे माहितीचे स्थलांतर यशस्वी झाले होते. कोसळली ती नवी यंत्रणा. लाखो लोकांना स्वतःच्याच खात्याचे दार बंद झाले आणि कारभार पूर्ववत व्हावयास डिसेंबर उजाडला. चौकशीत काय आढळले? माहिती साठविण्याची केंद्रे दोन होती आणि भाराची चाचणी मात्र एकाचीच घेतली होती! बँकेला 3 कोटी 27 लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली, 2022 साली 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा दंड झाला, आणि 2023 साली बँकेच्या त्या वेळच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखास वैयक्तिक दंडही झाला. याउलट ऑस्ट्रेलियातील कॉमनवेल्थ बँकेने 2008 साली हेच काम हाती घेऊन टप्प्याटप्प्याने, सुमारे पाच वर्षांत तडीस नेले. 58 कोटी डॉलरांचा मूळ अंदाज एक अब्जाच्या पुढे गेला. पण बँक उभी राहिली. घाई स्वस्त पडते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे दोन हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

तिसरा धडा सर्वांत दारुण आहे, आणि तो स्थलांतराचा नसून श्रद्धेचा आहे. ब्रिटिश पोस्ट खात्याच्या ‘होरायझन’ या हिशेबाच्या यंत्रणेने दाखविलेल्या खोट्या तुटीवर विश्वास ठेवून 1999 ते 2015 या काळात नऊशेहून अधिक पोस्टमास्तरांना चोर ठरविण्यात आले. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे संसार मोडले, कोणी जीव दिला. संगणक चुकत नाही, असे न्यायालये गृहीत धरीत होती. तो चुकला हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर होता. अखेर 2024 साली पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. निष्पापांना न्याय मिळण्यास दोन तपांहून अधिक काळ लागला. आता यंत्राच्या लिखाणावर यंत्रानेच लिहिलेले नवे लिखाण चढणार आहे. अशा वेळी ‘संगणक म्हणतो ते खरे’ ही श्रद्धा आपण किती काळ बाळगणार?

आपल्याकडेही अनुभव नाहीत असे नाही. 7 जून 2021 रोजी आयकर विभागाचे नवे संकेतस्थळ सुरू झाले, अडचणींचा पाऊस पडला, ऑगस्टमध्ये ते उभारणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना अर्थमंत्र्यांनी जाब विचारला आणि विवरणपत्रांची मुदत 31 डिसेंबरपर्यंत लांबली. परंतु त्याच देशात, आपल्या महाराष्ट्रात, एक चांगला पायंडाही पडलेला आहे आणि त्याची आठवण आम्ही आवर्जून देतो. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढविताना चुका झाल्या, तेव्हा 2017 साली राज्यात चावडी वाचनाची मोहीम निघाली. तलाठ्याने गावात संगणकीकृत सातबारा मोठ्याने वाचावयाचा आणि ज्याची जमीन त्याने ऐकून ‘हे बरोबर’ किंवा ‘हे चूक’ असे सांगावयाचे. पद्धत जुनी, खेड्यातली. पण तिच्यामागचे तत्त्व कोणत्याही संगणकशास्त्रज्ञाने मान लवून स्वीकारावे असे आहे. नक्कल बरोबर आहे की नाही याचा निवाडा नक्कल करणाऱ्याने करावयाचा नसतो!

म्हणून आमची मागणी अशी की, सरकारी खाती, बँका, विमा संस्था यांच्या प्रत्येक स्थलांतराला असे चावडी वाचन झालेच पाहिजे. जुनी आणि नवी यंत्रणा काही काळ शेजारी शेजारी चालावी आणि दोहोंची उत्तरे रोज ताडून पाहिली जावीत. हा काळ निदान एक 31 मार्च पोटात घेणारा असावा. वर्षअखेरीचे हिशेब वर्षात एकदाच होतात आणि त्यांतील खाचखळगेही वर्षात एकदाच दिसतात. चाचणीची प्रश्नपत्रिका जुन्या यंत्रणेच्या प्रत्यक्ष उत्तरांवरून काढावी. ज्या यंत्राने भाषांतर केले त्यानेच चाचणीही रचली, तर समजुतीतील एकच चूक दोन्हीकडे उतरेल आणि परीक्षार्थी स्वतःच स्वतःला शंभरपैकी शंभर गुण देईल.

दुसरे असे की, भाषांतर करताना सापडलेला प्रत्येक नियम साध्या भाषेत लिहून त्याची वही बांधली जावी. नुसते कोबॉलचे जावा केले आणि नियमांची उकल केली नाही, तर जुन्या घराचा अंधार नव्या घरात नेल्यासारखे होईल. धंद्यातील माणसे अशा लिखाणाला थट्टेने ‘जोबॉल’ म्हणतात. ते जावातले असते, पण कोबॉल जाणणाऱ्याखेरीज कोणाला कळत नाही. आणि वीस वर्षांनी आपली नातवंडे पुन्हा याच दारात उभी राहतील. सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत ही वही आणि ती आज्ञावली जनतेच्या मालकीची असावी. ती कोणा कंत्राटदाराच्या तिजोरीत अडकता कामा नये.

आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट जबाबदारीची. नव्या यंत्रणेवर एका जिवंत, नाव असलेल्या अधिकाऱ्याची सही असली पाहिजे. यंत्राला दंड करता येत नाही, त्याला चौकशी समितीपुढे उभे करता येत नाही, आणि त्याची निद्राही उडत नाही. स्थलांतरानंतर ज्याच्या खात्यात, पेन्शनीत वा आरक्षणात फरक पडेल, त्या नागरिकावर आपले निरपराधित्व सिद्ध करण्याचा भार नसावा. फरक का पडला ते संस्थेने सिद्ध करावे. ज्या पेन्शनरला बँकेच्या खिडकीवर ‘आता सिस्टीम असेच दाखवते’ एवढे एकच उत्तर मिळते, त्याला आपण यंत्राचे राज्य दिले, कायद्याचे नव्हे.

या प्रश्नाला आपल्या मध्यमवर्गाच्या पोटाशी भिडणारी एक बाजू आहे, तिच्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या आज्ञावल्यांची डागडुजी हाच आपल्या संगणक-उद्योगाच्या वैभवाचा पाया. 1968 साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली, 1981 साली पुण्यात टाटांचे संशोधन केंद्र निघाले आणि सॉफ्टवेअर रचण्याच्या साधनांवर येथे काम सुरू झाले. साल दोन आकड्यांत लिहिण्याच्या जुन्या काटकसरीमुळे 2000 साल उजाडताना जगाची गाळण उडाली, तेव्हा ती दुरुस्ती करणाऱ्यांत मराठी घरांतील मुले-मुली हजारांनी होत्या. कित्येक कुटुंबांची पहिली सदनिका, पहिला परदेशप्रवास त्या कामाने दिला. तेच काम आता यंत्र मागत आहे. 2025 च्या जुलैत याच टाटा कंपनीने सुमारे 12,000 माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा कंपनीच्या प्रमुखांनी त्याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे सांगितले. कारण कोणतेही असो. त्या आकड्यात मध्यम आणि वरिष्ठ फळीतील माणसे प्रामुख्याने होती. हिंजवडीच्या रस्त्यावर रोज दोन दोन तास अडकणाऱ्या चाळिशीच्या अभियंत्याला त्या खुलाशाने झोप आली असेल असे आम्हांस वाटत नाही.

साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्यातील कचेरीत संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा केला होता. त्यांची भीती खोटी नव्हती. पण पहारा देऊन काळ थांबला नाही. आज तो मार्ग आम्ही कोणास सुचविणार नाही. मात्र मालकवर्गास आम्ही एक गोष्ट बजावू इच्छितो. ज्या माणसाला तुम्ही ‘महाग’ म्हणून आज घरी पाठविता, त्याच्या डोक्यातच त्या जुन्या दप्तराचा अर्थ आहे. यंत्राची अक्षरे तपासण्यास तोच पात्र आहे. त्याला काढून मग यंत्र आणणे म्हणजे विहीर बुजवून पंप विकत घेण्यासारखे आहे. निवृत्त झालेल्यांना मानाने बोलवावे, त्यांच्याकडून ती नियमांची वही लिहवून घ्यावी, आणि त्यांच्या शेजारी तरुणांना बसवावे. आमच्या विद्यापीठांनीही नवी आज्ञावली लिहिणे एवढेच न शिकविता, दुसऱ्याने लिहिलेली जुनी आज्ञावली वाचणे आणि तिच्याबद्दल शंका घेणे शिकवावे. यंत्र लिहू लागल्यावर वाचणाऱ्याची किंमत वाढणार आहे. ती विद्या ज्या शहराने आधी कमावली, त्या शहरातील मुलांना कामाची वाण पडणार नाही.

नवा लेखनिक हुशार आहे, अथक आहे आणि स्वस्त आहे. त्याला दप्तरात जरूर बसवा. परंतु दप्तराच्या किल्ल्या आणि सहीचा अधिकार त्याच्या हाती देऊ नका. लेखनिकाने लिहावे, जाणत्याने वाचावे आणि धन्याने जबाबदारी घ्यावी, ही रीत कारकुनीइतकीच जुनी आहे. या व्यवहारातला धनी म्हणजे बँक नव्हे, खाते नव्हे आणि कंत्राटदार तर नव्हेच. ज्याचा पैसा, ज्याची जमीन आणि ज्याचे पेन्शन त्या दप्तरात आहे, तो सामान्य माणूस हाच त्याचा धनी. स्थलांतराचा प्रत्येक करार त्याच्यासमोर वाचला गेला पाहिजे, आणि त्याने ‘हे बरोबर’ म्हटल्यावाचून जुन्या दप्तराला कुलूप लागता कामा नये!